पुट्टीखालचं साल

निवृत्त झाल्यावर मी मार्कहॅम शहराच्या पुढे, शेतांच्या मधोमध असलेल्या एका छोट्या म्युझियममध्ये दर मंगळवारी व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागलो. जुनी यंत्रं साफ करायची, जमलं तर चालू करायची. भारतात मी ट्रॅक्टरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. समोरच्यानं 'ओके' म्हटलं की मला हमखास शंका येते. बायको याला माझा जुना आजार म्हणते.

गेल्या वर्षी तिथे एक अजस्र ट्रॅक्टर आला. मागे चाकांऐवजी लोखंडी पट्टे, पुढे वळवण्यापुरतं एकच चाक, अंगावर लष्करी हिरवा रंग. तो देणारे आजोबा जवळचेच शेतकरी, नव्वदीला टेकलेले. पहिल्या महायुद्धात अशाच ट्रॅक्टरांनी चिखलातून अवजड तोफा ओढल्या होत्या. हा त्यांतलाच एक, आपले वडील फ्रान्समध्ये हाच चालवायचे, असं ते सांगत.

मला ते पटेना. कित्येक टनांची तोफ ओढायची तर मागचा हुक तसाच दणकट हवा. हा हुक जेमतेम नांगरापुरता. शिवाय आजोबा दर मंगळवारी यायचे आणि खुर्ची टाकून माझ्या हातांकडे बघत बसायचे. पहारा देतायत, असंच मी धरून चाललो.

एकदा ते वॉशरूमला गेल्याचं पाहून मी गिअरबॉक्सवरचा रंग खरवडला. खाली पुट्टी निघाली. गिअरबॉक्सला पुट्टी कशाला? तीही काढली, तर ओतीव लोखंडावर उठवलेलं, ट्रॅक्टर बनल्याचं साल दिसलं. युद्ध संपल्यानंतरचं.

"सापडलं?" मागून आवाज आला.

मी दचकलो. "हे तुम्ही बुजवलंत?"

"वडिलांनी. मी कॉलेजमधून सुट्टीला आलो होतो, तेव्हा त्यांना पुट्टी भरताना पाहिलं. विचारायचा धीर झाला नाही." ते खुर्चीत बसले. "म्हणूनच तर इथे दिला. कुणीतरी खरवडेल म्हणून वाट बघत होतो."

मला माझी लाज वाटली. पण त्यांची शंका आता आणखी पुढे गेली होती. "मग वडील युद्धावर तरी गेले होते का हो?" त्यांनी मलाच विचारलं.

सरकारी दप्तरातल्या, त्यांच्या वडिलांच्या लष्करी कागदांसाठी मी त्यांना ऑनलाइन अप्लाय करून दिलं. दोन-तीन महिन्यांनी ते पाकीट घेऊन आले. वडील खरंच गेले होते, तोफखान्यातच होते. पण ट्रॅक्टरवर नाही. तोफ ओढणाऱ्या घोड्यांवर. एका पानावर लिहिलं होतं, तोफेचे सगळे घोडे गोळीबारात गेले, हाकणारा जखमी, इस्पितळात.

आजोबांनी ते पान दोनदा वाचलं.

"शेजारी सगळ्यांकडे घोडे होते," ते म्हणाले. "वडिलांनी आमच्या गोठ्यात कधी घोडा येऊ दिला नाही. आईनं किती सांगितलं तरी."

"ट्रॅक्टरपुढच्या बोर्डावर काय लिहू?" मी विचारलं.

"शेतीचा ट्रॅक्टर, लिहा. आणि हिरवा रंग वडिलांनी दिला, तेही लिहा."

मी तसंच लिहिलं. पुढच्या मंगळवारपासून ते खुर्चीत बसेनात. बाह्या सरसावून माझ्यासोबत पट्टे घासायला लागले.