जमिनीला कान लावणारा माणूस

बोलता बोलता ते मधेच बोट वर करायचे. समोर नगरसेवक असो की चहावाला, त्याचं वाक्य अर्ध्यावर टांगून ठेवायचे, डाव्या पायाची टाच जमिनीवर हलकेच आपटायचे आणि म्हणायचे, "थांब. खाली कोणतरी बोलतंय."

खाली पाणी बोलत असायचं. काका, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो, नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते. नळाला पाणी सोडायचं, बंद करायचं आणि रस्त्याखालची गळती शोधायची, हे त्यांचं काम. हत्यार एकच, छातीएवढी लोखंडी सळई. तिचं एक टोक जमिनीवर टेकवायचे आणि दुसऱ्या टोकाला कान लावून डोळे मिटायचे. भर बाजारात, हातगाड्या आणि रिक्षांच्या मधोमध. रस्ता त्यांना वळसा घालून जायचा. तुम्ही ऐंशीच्या दशकात भिवंडीत राहिला असाल, तर हा माणूस तुम्ही पाहिला असेल आणि वेडा समजून पुढे गेला असाल. मीही आधी तसाच गेलो होतो.

दुसऱ्या गावांत म्हणे गळती शोधायला रात्रीची शांतता धरतात. आमच्याकडे रात्रीला शांतता नव्हती, रात्रीची शिफ्ट होती. कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट भिंतीतून, जिन्यातून, उशीतून यायचा. शुक्रवारी सुट्टीला तो थांबला की तान्ही मुलं दचकून उठायची. त्या आवाजात या माणसाला जमिनीखालचं पाणी कसं ऐकू येतं, असं मी एकदा विचारलं. माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आवाज हा माझाही धंदा होता.

ते म्हणाले, "आवाज असू दे की. गर्दीत आपली बायको वळखता येत न्हाय काय?"

चुकायचेही. एकदा त्यांनी माझ्या समोरच्या गल्लीत रस्ता खणायला लावला आणि खाली कोरडी माती निघाली. आवाज शेजारच्या घरातल्या पाण्याच्या मोटारीचा होता. समोरच्या कारखान्याचे मालक, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, ओट्यावर बसून बघत होते. "पानीवाले, गड्ढा तो अच्छा खोदा. अब पेड़ भी लगा दो." दुसऱ्या दिवशी काकांनी खरंच तिथं पपईचं रोप आणून लावलं. पपया पुढे चाचांनीच खाल्ल्या.

सोन्याचं त्यांनी मला कधी सांगितलं, ते नेमकं आठवत नाही. बहुधा त्यांचा ट्रान्झिस्टर दुरुस्तीला आला होता तेव्हा. राहनाळ गावाच्या पलीकडे एक ओढा होता. पावसाळ्यानंतर त्याच्या वळणावर काळी, जड वाळू साचायची. तिथं पाइपासाठी चर खणताना त्यांच्या फावड्यावर एक कण चमकला होता. तांदळाच्या कणीपेक्षा लहान. बघेपर्यंत घसरून पाण्यात पडला.

"अभ्रक असेल काका."

"अभ्रक पाण्यात गिरक्या घेतं रे. हे सरळ बुडलं."

आमच्या काळ्या दगडात सोनं नसतं, एवढा भूगोल मला येत होता. पण ते सांगत असताना त्यांचं तोंड असं काही झालं होतं की मी ट्रान्झिस्टर उघडून त्यातच बघत बसलो.

त्यांना हवं होतं दोन मण्यांपुरतं सोनं. काकींच्या गळ्यात नुसते काळे मणी होते. लग्न झालं तेव्हा घालायला काही नव्हतं आणि नंतर घ्यायची ऐपत आली तेव्हा काकांनीच घेतलं नाही. "दुकानातलं सोनं कुणाच्या तरी गळ्यातून उतरलेलं असतं," ते म्हणायचे. "कोणी रडून दिलेलं. ते पुन्हा आटवलं म्हणून काय झालं?" गटाराच्या कामात त्यांना नथ सापडली, बाळ्या सापडल्या, त्या त्यांनी घरोघर विचारून परत केल्या. पुरलेलं धन शोधू या, असं कोणी सुचवलं की कान झाकायचे. पुरलेलं ते दुसऱ्याचं. त्यांना पाहिजे होतं ते ज्याला अजून कोणाचाच हात लागला नाही असं. आपल्या वाडवडलांनी या गावच्या जमिनीचं सगळं काम केलं, पण जमीन कधी आपली झाली नाही, असं ते एकदाच बोलले. एवढी एक कणी जमिनीनं स्वतःहून द्यावी, असं त्यांना वाटत असावं.

काकी या सगळ्यावर हसायच्या. "जमीन द्यायची तेव्हा देईल. आधी कोपऱ्यावरून मीठ आणा."

रिटायर व्हायला अजून बरीच वर्षं होती तेव्हा त्यांना मेटल डिटेक्टरचं कळलं. कोणत्या तरी मासिकात चित्र होतं, एक परदेशी माणूस कानाला हेडफोन लावून माळावर चाललेला. ते चित्र त्यांनी खिशात घडी करून ठेवलं होतं. "बग, याची सळई वाकडी हाय, बाकी मीच."

मशीन बघायला आम्ही मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. एक होतं नवंकोरं, काटा फिरणारं, दिसायला देखणं. दुकानदाराच्या पोराने त्याच्यापुढे किल्ल्यांचा जुडगा नाचवला आणि काटा उडाला. काकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. ओढ्यातली काळी वाळू आणली होती त्यांनी. ती पुढे धरली आणि वाळूतल्या लोखंडामुळे मशीन किंचाळलं. दुसरं सेकंडहँड होतं, बाहेरच्या देशातलं, रंग उडालेलं, हँडलला दोरी गुंडाळलेली. त्याला एक जास्तीचं बटण होतं. दुकानदार म्हणाला, "इसको पहले जमीन सुनाओ. फिर ये बटन घुमाओ. जमीन की अपनी आवाज निकल जाएगी, बाकी सब सुनाई देगा." काकांनी वाळू धरली, बटण फिरवलं, किंचाळणं हळूहळू गुणगुणण्यावर आलं. त्यांनी डोळे मिटले. दुकानात मिटून घेतलेले ते डोळे मला अजून दिसतात.

किंमत ऐकून त्यांनी मशीन खाली ठेवलं. अगदी अलगद.

तिथं मी म्हणायला हवं होतं, थांबू या, पुढच्या वर्षी येऊ. मी म्हणालो, "काका, एवढ्या पैशात मी दोन बनवीन." मला ते बनवता येईल याची खात्री होती. गावात मला सगळे कारागीर म्हणायचे आणि मलाही तसं वाटायचं.

मी बनवलं. तांब्याच्या तारेची कॉइल, जुन्या रेडिओचे सुटे भाग, छत्रीचा दांडा. जमिनीचा आवाज वजा करणारं ते बटण मला जमलं नाही. जमलं नाही असं मी त्यांना सांगितलंही नाही. "हे आपल्याकडच्या जमिनीसाठीच बनवलंय," असं म्हणालो.

शुक्रवारी ओढ्यावर गेलो. मशीन चालू केलं आणि ते ओरडायलाच लागलं. काळ्या दगडावर ओरडलं, लाल मुरुमावर ओरडलं, भरावात टाकलेल्या लूमच्या तारांवर, तुटक्या खिळ्यांवर ओरडलं. हेडफोनमधला आवाज बाहेरपर्यंत येत होता. पलीकडे दोन पोरं ट्रक धूत होती. एक ओरडला, "काका, कॉमेंट्री लागली काय? स्कोअर काय झाला?" दुसरा पाण्यात बसून हसला.

काका हसले नाहीत की थांबले नाहीत. वाकून, डोळे मिटून, पाऊल पाऊल चालत होते. चेहरा सासुरवाडीला निघालेल्या माणसासारखा. ते बघायचं सोडून मी त्या पोरांकडे बघत होतो.

"काका, द्या इकडे. बिघडलंय. उद्या नीट करून देतो."

"बिघडलं कुठं? बोलतंय की."

"नाही नाही, द्या."

दुकानात मी मागचं झाकण उघडलं आणि आतला एक छोटा स्क्रू फिरवला. फिरवत गेलो. आवाज बारीक झाला, मग काळ्या वाळूवरही बंद झाला. आता त्याच्यापुढे पाना धरला तरच वाजायचं. सोन्याची कणी सोडाच, अख्खी बांगडी वीतभर खाली असती तरी त्याला पत्ता लागला नसता. मी मशीन बहिरं केलं. झाकणाचे स्क्रू घट्ट बसवले आणि त्यांच्यासमोर पाना धरून वाजवून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात ते आले. "भाऊ, लयच गप झालं रे. पयलं बरं होतं."

मी म्हणालो, "चांगलं मशीन असंच असतं काका. कामापुरतंच बोलतं."

त्यांनी मान हलवली. माझा शब्द आहे म्हटल्यावर त्यांना तो पटला.

मग दर शुक्रवारी ते मशीन खांद्याला लावून ओढ्याकडे निघायचे. चाचा ओट्यावरून विचारायचे, "मिला क्या?" ते म्हणायचे, "जमीन सोच रही है, चाचा." कधीकधी मीही बरोबर जायचो. लूम बंद, आभाळ मोकळं, पाण्यावर बगळे, आणि हा माणूस डोळे मिटून त्या शांततेत पुढे पुढे चाललेला. मधेच थांबायचे. बोट वर जायचं, टाच आपटायची, मग बोट हळूच खाली यायचं. मी मागून बघत असायचो. सांगतो, सांगतो म्हणता वर्षं गेली. मला वाटायचं, नाहीतरी तिथं सोनं नाही, मग काय बिघडलं?

बिघडलं ते असं. एक दिवस ते दुकानात येऊन स्टुलावर बसले. मग म्हणाले, "भाऊ, खरं सांग. मशीन ठीक हाय ना?"

"ठीक आहे काका."

"मग माझाच कान गेला."

तेव्हाही मी हातातल्या कॅसेटची पट्टी सरळ करत राहिलो. त्या आठवड्यात त्यांनी सळई खात्यातल्या दुसऱ्या माणसाकडे दिली. "कान गेलेल्या माणसानं रस्ते खणायला लावू नयेत," असं साहेबांना सांगितलं आणि नोकरीची उरलेली वर्षं ते ऑफिसात टेबलामागे बसले.

अशाच एका संध्याकाळी ते माझ्या स्टुलावर बसले होते. समोर लूमची खडखड, माझ्याकडे एकाच वेळी दोन टेप चालू. त्यांचं बोट वर गेलं. "तुझ्या पायरीखाली पाणी हाय." मग स्वतःच मान हलवून बोट खाली घेतलं. "न्हाय. भास असंल. आता काय भरोसा." काही दिवसांनी माझ्या दुकानासमोरचा रस्ता खचला आणि खालून फुटलेली लाइन निघाली. खात्याची माणसं खड्ड्याभोवती उभी होती. काका गर्दीच्या मागे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बग, कधीतरी भासपण खरा निघतो."

सांगायची याहून सोपी वेळ कोणती होती? पण मी त्यांना चहा सांगितला.

रिटायर झाल्यावर ते फार राहिले नाहीत. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यातून घरी आलेच नाहीत. जलदानाच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या दिवसकार्याला, मी गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं जेवून पांगली. काकींनी आतून मशीन आणलं. दांड्याला स्वच्छ फडकं गुंडाळलेलं होतं. "हे भाऊला दे, म्हणाले होते. म्हणाले, त्याच्या मशीनचा काय दोष न्हाय. माझाच कान गेला."

मी ते घेऊन घरी आलो आणि कितीतरी दिवस माळ्यावर ठेवलं. मग कळलं की ओढ्याकाठची जमीन गोडाऊनसाठी गेली आणि भराव चालू झाला. तेव्हा झाकण उघडलं. स्क्रूवर माझ्या पेचकसाचा ओरखडा तसाच होता. मी तो पूर्ण उलटा फिरवला, नवा सेल घातला आणि काकींकडे गेलो. "जरा चला माझ्याबरोबर," एवढंच म्हणालो. त्यांनी कारण विचारलं नाही.

ओढ्याच्या निम्म्या पात्रात मुरूम पडला होता. वळणावरची काळी वाळू अजून उघडी होती. तिथं उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. बाजारातलं ते बटण, ट्रक धुणारी पोरं, स्क्रू, "मशीन ठीक आहे" म्हणालो ते, पायरीखालचं पाणी. त्यांचा कान शेवटपर्यंत शाबूत होता, हेही सांगितलं. काकी पाण्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता एक शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"चालू करा," त्या म्हणाल्या.

मी हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला आणि बटण दाबलं. सगळी जमीन एकदम ओरडली. काकी दचकल्या, मागे सरल्या, मग थांबल्या. मी दांडा हळूहळू वाळूवरून फिरवत राहिलो. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मिटून घेतले.

"केवढी गर्दी हाय यात," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "यात त्यांना ऐकू आलं असतं."

तिथं सोनं होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. माझा भूगोल म्हणतो नव्हतं. पण तो भूगोल तपासायची संधी ज्या माणसाला होती, त्याच्याकडून ती मी काढून घेतली.

मागून डंपर आला. उतारावर उलटा वळून आमच्या जवळ थांबला आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "ओ मावशी, सरका, माल टाकायचाय." त्याने हॉर्न दाबला. परत दाबला.

काकींनी डोळे उघडले नाहीत. नुसतं बोट वर केलं.