रुपचंद आबांची हाक

आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बकऱ्यांची शर्यत लागते. धुळ्याहून पाहुणे येतात, माहेरवाशिणी झोके सोडून येतात आणि पुरणपोळी, आमरस जिरवायला अख्खं गाव कापूस उपटलेल्या वावरात जमतं. बकऱ्या त्या टोकाला सोडायच्या आणि मालकांनी या टोकाला उभं राहून हाका मारायच्या. दोरी नाही, पाला दाखवायचा नाही. ज्याची बकरी आधी आली तो जिंकला. शहाण्या माणसानं वर्षातून एकदा असं बोंबलावंच, असं माझं मत आहे.

रुपचंद आबा या शर्यतीत कधी नसायचे. गावातल्या साऱ्या बकऱ्या तेच चारायचे आणि आखाजीला बाभळीखाली बसून आम्हाला हसायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा झाला. हातपाय सावरले, जीभ जड राहिली. एकदा दुकानात त्यांनी तंबाखू मागितली, तर दुकानदार पुन्हा पुन्हा "काय? काय?" करत राहिला. आबा तसेच घरी आले आणि त्यानंतर बोललेच नाहीत. बायकोशी, म्हणजे भिकुबाईशीसुद्धा खुणांनीच. लोकांनी बकऱ्या आपापल्या दारात बांधल्या. मला दुकानदाराचा राग यायचा, पण आबांचा त्याहून जास्त.

यंदा भिकुबाईनं स्वतःची बकरी शर्यतीत उतरवली आणि नवऱ्याला हाताला धरून आणलं. "भटू, दिनभर भिंतकडे तोंड करीसन बसतस," ती मला म्हणाली. "आज तरी बोलतीन."

पंच हिलालनं शिट्टी वाजवली. बकऱ्या सुटल्या आणि लगेच भलतीकडे गेल्या. काही तर बांधावरच्या लिंबाला पाय टेकून पाला ओढायला लागल्या. माझी मात्र सरळ येत होती आणि मी घसा फाटेस्तोवर ओरडत होतो. भिकुबाईची बकरी वावराच्या मधोमध ढिम्म उभी. हाका मारून भिकुबाईला धाप लागली, तशी ती नवऱ्याकडे वळली.

"मन्हं आयकत नही ती. तुमीच बलावा."

आबांनी मान हलवली. नाही. तिनं आग्रह केला नाही, नुसता पदर डोळ्यांना लावला. मग आबांच्या घशातून काहीतरी निघालं. पूर्वीची खणखणीत हाक नव्हती ती. घोगरी, अर्धवट, एका बाजूला ओढलेली. आता कुणीतरी हसणार, या भीतीनं मी आजूबाजूला पाहिलं.

भिकुबाईच्या बकरीनं कान टवकारले. माझीनंही. लिंबाकडच्या बकऱ्या बांधावरून उतरल्या आणि अख्खा कळप धुरळा उडवत आबांवर येऊन आदळला. माझी बकरी माझ्याकडे न बघता शेजारून गेली, बेइमान!

"आबा, ह्या बठ्ठ्या तुम्हन्याच शेतस का?" हिलाल माईकवर ओरडला. साऱ्याच बकऱ्या आबांच्या निघाल्या म्हणून वावरभर हशा पिकला. आबाही हसले, वाकड्या तोंडानं पण मनापासून.

शर्यत रद्द झाली. बकऱ्या कुणाच्या हाती लागेनात, म्हणून आबांनाच त्यांना घेऊन गल्लीगल्लीतून फिरावं लागलं. प्रत्येक दारापाशी ते काहीतरी पुटपुटत आणि त्या घरची बकरी आत जाई. मी मागोमाग चाललो होतो.

माझ्या दाराशी माझी बकरी आत गेली, पण आबा हलेनात. माझ्याकडे बघत, जीभ सावरत म्हणाले, "भ... टू. सकाय... धाडजो."

उद्या सकाळी बकरी चरायला त्यांच्याकडे धाडायची होती. इतक्या महिन्यांनी आबा माणसाशी बोलले होते. मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर माझाच आवाज फुटेना. मी नुसती जोरजोरात मान हलवली.