जनेलच्या तोंडातली टॉफी

जनेल टेस्डालची जीभ तिच्या बसपेक्षा जोरात धावते, असं अमेरिकेतल्या डी मॉइन शहरातली आमची सगळी गल्ली म्हणायची. ती शाळेची बस चालवायची. मागून कुणी पोर "मिस, माझा..." एवढं म्हणालं, की हिचं उत्तर तयार, "डबा ना? मागच्या सीटखाली बघ." बाई मनाने मऊ, पण समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं तिला जन्मात जमलं नाही. आणि पोटी आला नेल्स, बोलताना अडखळणारा.

आमच्याकडे हॅलोविनचा खाऊ फुकट मिळत नाही. या भुताखेतांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी सहा ते आठ पोरं सोंगं घेऊन दारोदार फिरतात आणि प्रत्येक दारात विनोद सांगतात. कितीही रटाळ चालतो, पण सांगावा लागतो. गेल्या वर्षी नेल्स पहिल्याच शब्दावर अडकला आणि जनेलला राहवलं नाही. तिने त्याचा विनोद सांगून टाकला, एका नव्हे, वीस दारांत. घरी आल्यावर पोराने भरलेली पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "हा आ... आईचा खाऊ आहे. विनोद ति... तिनेच सांगितलेत." एका गोळीलाही त्याने हात लावला नाही. त्या रात्री जनेल न्हाणीघराचं दार लावून रडली.

यंदा नेल्स सहा वर्षांचा झाला होता आणि विनोदही त्याने स्वतः रचला होता. आठवडाभर तो कुत्र्याला सांगून झाला. निघताना त्याने आईकडून वचन घेतलं.

"तू बो... बोलायचं नाहीस."

"नाही रे बाबा. शप्पथ!"

"बघू या," नवरा कर्ट ओढायच्या छोट्या गाडीत धाकट्या ब्रिटाला बसवत म्हणाला, "मी तर बारा वर्षं वाट बघतोय."

थंडी मरणाची. नेल्सचा सांगाड्याचा वेष जाड कोटावरून चढवलेला, त्यामुळे सांगाडा चांगलाच गुबगुबीत दिसत होता. तीन वर्षांची ब्रिटा भोपळा झाली होती. पहिल्या दारात तिने "कोंबडी!" असं ओरडून स्वतःच खदाखदा हसून घेतलं, तेवढ्यावर तिला चॉकलेट मिळालं. मग नेल्सची पाळी आली. "सां... सां... सां..." त्या घरची बाई हसरा चेहरा धरून उभी. जनेलने ओठ चावले, मुठी आवळल्या आणि शेवटी "सांगाडा!" असं तिच्या तोंडून निसटलंच. नेल्स मागे वळला आणि चॉकलेट न घेताच पायऱ्या उतरला.

"घरी जा... जाऊ या," तो म्हणाला.

जनेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारीच ड्वेन क्रोगस्टॅडचं घर होतं. हे म्हातारबुवा चाळीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेले, ओसरीवर घोंगडं पांघरून खाऊचं टोपलं घेऊन बसलेले. त्यांनी हाक मारली, "ए सांगाड्या, माझ्या दारावरून तसाच निघालास होय? विनोद कुठाय?"

नेल्स घुटमळला, मग वर चढला. "सां... सां..."

"अहो मिस्टर क्रोगस्टॅड, त्याचं असं आहे, सांगाडा दूध..."

"थांब गं." म्हाताऱ्याने टोपल्यातून भलीमोठी चिकट टॉफी काढून जनेलच्या हातावर ठेवली. "तू सुरू केलास ना? घे तुझा खाऊ. इथेच खा. आता याचा ऐकायचाय मला. सावकाश होऊ दे रे पोरा, मला आता पत्रं वाटायची नाहीत."

जनेलने मुकाट्याने टॉफी तोंडात टाकली. तिचे दात असे चिकटले की बोलायची सोयच उरली नाही. कर्टने आकाशाकडे बघून हात जोडले.

"सां... सांगाडा दू... दूध प्यायला," नेल्स म्हणाला, "की को... कोण ओरडतं?"

"कोण बुवा?"

किती वेळ गेला कोण जाणे. ब्रिटाने आपलं चॉकलेट सोलून खाऊन संपवलं. म्हातारा हलला नाही.

"त्या... त्याची आई! ति... तिने आत्ताच फर... फरशी पुसलेली असते!"

म्हातारा असा हसला की घोंगडं खाली पडलं. "हे मी उद्या दवाखान्यात नर्सला सांगणार!" म्हणत त्याने नेल्सच्या पिशवीत दोन मुठी भरून टॉफ्या ओतल्या. जनेलचे डोळे वाहू लागले. तिने पुढे होऊन म्हाताऱ्याचा थंडगार हात दोन्ही हातांत घट्ट धरला. आभार मानायला तोंड मोकळं नव्हतं, आणि त्याला त्याची गरजही पडली नाही.

पुढचं घर येईपर्यंत टॉफी विरघळून गेली होती. पायरीशी नेल्सने वळून पाहिलं.

"आई, टॉ... टॉफी आहे ना तोंडात?"

जनेलने ओठ घट्ट मिटले आणि मान डोलावली. तो एकटाच पायऱ्या चढून गेला.