बाराव्या मैलावरचा थांबा

टॅल्मेज गावाची वस्ती अडतीसशे आणि टॅल्मेज कॉलेजच्या जिममध्ये बसायला जागा बेचाळीसशे. हा आकडा तिथे कोणालाच विचित्र वाटत नाही. बास्केटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आत मका कापून झालाच पाहिजे, असा त्या गावचा नेम. लग्नाची तारीख ठरवताना नवरामुलगा मोकळा आहे का हे नंतर विचारतात, आधी सामन्यांचं वेळापत्रक बघतात. एकदा तिथल्या पाद्रीबाबांनी एक अंत्यविधी शनिवारी दुपारी दोनला ठेवला, तेव्हा मयताचा मुलगाच हात जोडून म्हणाला, "अहो, दोनला बाबा स्वतःसुद्धा आले नसते." मग तो सकाळी दहाला उरकला.

अशा गावात वर्लिन स्टकी चोवीस वर्षं टीमची बस चालवत होता. वय सहासष्ट, अंगाने काटक, बोलणं बेताचं. घरी बायको नेडीन दिवसभराचं सगळं सांगायची आणि हा "हं" म्हणायचा. त्यावरून ती त्याला टोमणे मारी, पण याच गुणामुळे तो त्या बसवर टिकला होता. बसमध्ये पोरं रडत, भांडत, आईला फोन करून घरची आठवण काढत. त्यातला एक शब्दही त्याने कधी बाहेर जाऊ दिला नाही.

आणि कोच गॉर्डन रस्क! एकोणीस वर्षांत त्या माणसाने या एवढ्याशा गावाला काय काय दाखवलं. दहापट मोठ्या कॉलेजांना त्याच्या पोरांनी पाणी पाजलं. खेळ चालू असताना तो बाकाजवळ हाताची घडी घालून नुसता उभा राहायचा. ना ओरडणं, ना हातवारे. दोन सेकंद उरलेत, एका गुणाने मागे आहोत, बेचाळीसशे माणसांचा श्वास अडकलाय आणि हा उभा. वर्लिनला त्याच्याकडे बघूनच छाती भरून यायची. देवाने हा माणूस वेगळ्या मातीचा घडवलाय, असं सगळं गाव म्हणायचं.

तो वेगळ्या मातीचा नाही, हे वर्लिनला पहिल्याच वर्षी कळलं. बाहेरगावच्या तिसऱ्या सामन्याला निघाले होते. गाव सोडून बारा मैलांवर रस्त्याकडेला धान्याची पत्र्याची भलीमोठी कणगी आहे. तिथे येताना कोच पहिल्या सीटवरून उठला आणि दांडीला धरून उभा राहिला. चेहरा राखेसारखा झालेला.

"वर्लिन, थांब जरा."

वर्लिनने बस कडेला घेतली. मागे पोरांच्या माना वर झाल्या तसा तो आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता खोटं बोलला, "मागचा टायर बसल्यासारखा वाटतोय. बघून येतो." तो खाली उतरून टायरला लाथा मारत राहिला आणि कोच कणगीच्या मागे गेला. तिथून ओकारीचा आवाज आला. पोट रिकामं झालं तरी थांबेना, असला आवाज. सहा-सात मिनिटांनी कोच रुमालाने तोंड पुसत परत आला.

"दर सामन्याआधी होतं," तो म्हणाला. "पोरांना कळलं तर ती घाबरतील. हे बसमध्येच राहू दे."

"टायर ठीक आहे, कोच," वर्लिन म्हणाला.

तेव्हापासून बाहेरच्या प्रत्येक सामन्याला बाराव्या मैलावर टायर बघायचे, असं ठरूनच गेलं.

पण गंमत अशी की टीमच्या बसमागे गावातल्या गाड्यांची रांग असायची. तीस, चाळीस, मोठा सामना असेल तर साठ गाड्या. दुसऱ्या वर्षी बस थांबली की त्या गाड्याही थांबायला लागल्या आणि त्यातली माणसं उतरून आपापल्या टायरला लाथा मारायला लागली. त्या वर्षी बाहेरचे अकराच्या अकरा सामने जिंकले. वर्लिनने काय ते ओळखलं: लोकांना वाटतंय की हा शकुन आहे. त्याला मनातून हसू यायचं. कोच तिकडे आतडी ओकतोय आणि इकडे शहाणीसुरती माणसं बर्फात ओळीने उभी राहून चाकं लाथाडतायत! बिचाऱ्यांना काय माहीत.

यंदा ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी, पहिला सामना अकरा दिवसांवर असताना, गॉर्डन रस्क गाव सोडून गेला. कॉलेजच्या अध्यक्षांच्या टेबलावर चार ओळींचं पत्र, "वैयक्तिक कारण" एवढंच. घराला कुलूप.

गाव पेटलं. रेडिओवर तासभर फोन चालू होते. एक म्हणाला मोठ्या कॉलेजने पळवला, दुसरा म्हणाला बाईचं लफडं असणार. एक बाप अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला, "माझ्या पोराचं नाव मी गॉर्डन ठेवलंय हो. सात वर्षांचा आहे. आता त्याला काय हाक मारू?" हंगामाची पोस्टरं आधीच छापून दुकानादुकानाच्या काचांवर लागली होती आणि मधोमध कोचचा चेहरा. बुधवारी सकाळी कोणीतरी कात्रीने तो चेहरा कापून काढला. दुपारपर्यंत सगळ्या गावाने कापला. न्हाव्याच्या काचेवरच्या पोस्टरच्या भोकातून आता न्हावीच दिसायचा. डीट्झबाईंनी तर पट्टी लावून, पेन्सिलीने आखून चौकोनच काढला. बाईंचं काम असं नेटकं. वय एकोणऐंशी. गावातली निम्मी माणसं तिसरीत त्यांच्या हाताखालून गेलेली, वर्लिनसुद्धा. कोचच्या बाकामागच्या तिसऱ्या रांगेतली त्यांची खुर्ची चाळीस वर्षांपासून ठरलेली. इतकी वर्षं कोचला वाढदिवसाला केक करून देणाऱ्या बाई आता चर्चच्या पायरीवर मोठ्याने म्हणाल्या, "पळपुटा निघाला."

आख्ख्या टॅल्मेजमध्ये कोचचा चेहरा आता एकाच ठिकाणी शाबूत होता: वर्लिनच्या बसच्या मागच्या काचेवर.

कोच का गेला, हे वर्लिनला माहीत होतं. सोमवारी संध्याकाळी कोच बसच्या शेडमध्ये आला होता. दार उघडायला सांगून आपल्या सीटवर बसला. म्हणाला, "आता कणगीपर्यंतही थांबवत नाही, वर्लिन. सकाळी दात घासतानाच सुरू होतं. उन्हाळाभर हेच चाललंय, अजून सामना एकही नाही. डॉक्टर म्हणतात सोड, नाहीतर हृदय दगा देईल." मग म्हणाला, "गावाला काय सांगू? छपन्न वर्षांचा बाप्या पोरांच्या खेळाला भितो म्हणून? मला त्यांनी काय समजलंय, तुला माहीत आहे. ते तसंच राहू दे. शिव्या घालू देत." दुसऱ्या दिवशी पहाटे तो मिशिगनला बहिणीच्या सफरचंदांच्या बागेत निघून गेला.

आता वर्लिनची पंचाईत झाली. बोलावं तर शब्द मोडतो. गप्प बसावं तर ज्या माणसाला त्याने एकोणीस वर्षं देवासारखं मानलं, त्याच्या नावावर गाव थुंकतंय. जिमच्या फरशीवर कोचचं नाव रंगवलेलं होतं. ते पुसून टाकावं असा अर्ज घेऊन लोक दारोदार फिरत होते. नेडीनने सही करायला पेन उचललं तेव्हा वर्लिनने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"तुला काहीतरी ठाऊक आहे," ती म्हणाली.

"हं."

"हं काय! लोक मला विचारतात, तुझ्या नवऱ्याने तो फोटो का ठेवलाय. मी काय सांगू?"

"सांग, काच घासायचा कंटाळा आलाय."

"चाळीस वर्षं संसार केला मी या खांबाशी," असं म्हणून तिने दार आपटलं. त्यानंतर तीन दिवस घरात दोघंही "हं" वरच होती.

अर्जावर सही न करणारी घरं गावात किती आहेत, याची चौकशी करायचं वर्लिनला सुचलं नाही.

घरचे पहिले दोन सामने हरले. तिसरा बाहेरगावी, शनिवारी दुपारचा. नवा कोच ट्रॉय बेकम, कालपरवापर्यंतचा मदतनीस, वय तेहतीस. तो जुन्या कोचच्या सीटवर बसायला धजेना, शेजारच्या सीटवर बसला. मागे एक्केचाळीस गाड्या होत्या. कोच गेला, दोन सामने हरले, तरी एक्केचाळीस. वर्लिनने आरशात बघून मोजल्या.

रात्रभर विचार करून त्याने ठरवलं होतं. कणगीपाशी थांबायचं, डीट्झबाईंना बाजूला घ्यायचं आणि सगळं सांगून टाकायचं. बाईंच्या शब्दाला गावात मान होता. त्या म्हणाल्या तर फरशीवरचं नाव राहील. शब्द मोडल्याचं पाप आपल्या डोक्यावर घेऊ.

बाराव्या मैलावर त्याने बस कडेला घेतली. मागे गाड्या थांबल्या, दारं उघडली. थंडी मरणाची होती. वर्लिन सरळ तिसऱ्या गाडीपाशी गेला. बाई लाल टोपी घालून उतरल्या होत्या आणि काठीने टायर ठोकत होत्या.

"बाई, जरा बोलायचंय."

"बोल की. तिसरीतही तुझ्या तोंडातून शब्द काढायला मला चिमटा लागायचा."

"बाई, हे टायर..." त्याने बसच्या चाकाकडे बोट दाखवलं. "टायरला कधी काही झालंच नव्हतं. एकदाही नाही."

बाईंनी काठी थांबवली. त्याच्याकडे नीट बघितलं. "अरे माझ्या राजा," त्या म्हणाल्या, "ते आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"माझ्या नवऱ्याला, क्लेमला, लघवीचा त्रास होता ना. दुसऱ्या वर्षी इथे बस थांबली तशी तोही घाईने गाडी थांबवून कणगीमागे गेला. तिथे कोच गुडघ्यांवर, कपाळ पत्र्याला टेकवलेलं. क्लेम आल्या पावली परत फिरला. मागच्या गाड्यांतली माणसं खाली उतरत होती, तिकडेच निघाली होती. हा त्यांच्या समोर उभा राहून ओरडला, 'टायर बघा रे! सगळ्यांनी आपापले टायर बघा!' आणि स्वतः लाथा मारायला लागला. त्याने फक्त मला सांगितलं. पुढे इतरांना कसं कळलं ते देवाला ठाऊक. कोणी बोललं नाही. पण बस थांबली की सगळ्यांनी मान खाली घालून टायर बघायचे, आणि कणगीकडे बघायचं नाही, हे लहान पोरांनाही शिकवलंय आम्ही."

वर्लिनने रांगेकडे बघितलं. न्हावी, पाद्रीबाबा, रेडिओवर रडलेला तो बाप आणि त्याचा सात वर्षांचा गॉर्डन. ओळीने माणसं, सगळ्यांच्या माना खाली. एकोणीस वर्षं तो एकटा अख्ख्या गावापासून एक गुपित राखत होता आणि अख्खं गाव तेच गुपित त्याच्यापासून राखत होतं. त्याने बाईंच्या गाडीला हात टेकला.

"मग बाई, एवढा राग कशाचा? तो फोटो कापलात..."

"राग येणार नाही तर काय!" बाईंचा आवाज चिरकला. "मेला एकोणीस वर्षं आमच्यासाठी ओकला आणि आम्ही बर्फात उभं राहून त्याची लाज राखली. आणि जाताना त्याला वाटलं, आम्हाला समजणार नाही? मला येऊन एकदा म्हणाला असता, 'बाई, आता होत नाही,' तर मी त्याला गाडीत घालून स्वतः पोचवलं असतं." त्यांनी नाक पुसलं. "कुठे आहे तो? तुला ठाऊक असणार. जेवतोय का नीट?"

"बहिणीकडे आहे. सफरचंदं काढतोय."

"त्याला कळव, अर्जावर माझी सही नाही. आणि तो कापलेला चौकोन टाकलेला नाही मी. बायबलमध्ये ठेवलाय. मागच्या बाजूने चिकटपट्टी लावली की बसेल."

तेवढ्यात बसचं दार फुसकन उघडलं. नवा कोच ट्रॉय बेकम खाली उतरला. कोट नाही, काही नाही. चेहरा राखेसारखा. त्याने एका हाताने पोट धरलं होतं.

"स्टकी," तो कसाबसा म्हणाला, "मागचा टायर... बघायचा असतो ना इथे?"

"असतो, कोच," वर्लिन म्हणाला. "आम्ही बघतो. तुम्ही सावकाश या."

बेकम कणगीच्या मागे गेला. आवाज आला. बाईंनी काठी आपटली आणि वर्गात हाक मारावी तशा कडाडून ओरडल्या, "टायर!"

एक्केचाळीस गाड्यांपाशी माना पुन्हा खाली गेल्या. वर्लिन बसच्या मागच्या चाकाशी जाऊन उभा राहिला आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी गळत असताना त्या धडधाकट टायरला लाथा मारत राहिला.