नव्या कॉम्प्युटरातला आवाज

खोक्यातल्या थर्माकोलचा वास आला की मला आर्वीच्या आमच्या घरातली ती उन्हाळ्यातली दुपार आठवते. जुना कॉम्प्युटर थकला म्हणून नवा आणला होता आणि त्यात विंडोजही नवी होती. जुना सुरू झाला की स्पीकरमधून माझा धाकटा भाऊ बोलायचा, "आई, झालं वं सुरू!" गंमत म्हणून त्यानंच तसं सेटिंग करून ठेवलं होतं. तो अपघातात गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. "फाइली मी नेतो, काकू, पण अशी सेटिंग न्यायचं सॉफ्टवेअर इकत घ्या लागते," नवा कॉम्प्युटर जोडायला घरी आलेला दुकानदार म्हणाला. "एवढ्या आवाजासाठी काऊन पैसे घालवतं?" वडील म्हणाले. आईनं शिवणकामाचे पैसे आणून दुकानदारापुढे ठेवले. दोन्ही कॉम्प्युटर केबलनं जोडले आणि पडद्यावरची पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली. मध्येच लाइन गेली तर, या धास्तीनं मी सारखी पंख्याकडे बघत होते. आई दारापर्यंत जायची, परत यायची, "झालं का?" विचारायची. शेवटी दुकानदारानं नवा कॉम्प्युटर सुरू केला. काहीच ऐकू आलं नाही. आईनं स्पीकरला कान लावला. तेव्हा वडीलच वाकले, स्पीकरची पिन नीट खोचली आणि म्हणाले, "पुन्हा लाव बरं." आणि भाऊ बोलला. "हो रे बाप्पा," आई म्हणाली. वडील तोंड फिरवून अंगणात गेले. आता मी नवा फोन घ्यायचं म्हटलं, तरी आई आधी विचारते, "त्याचा आवाज येईन ना याच्यात?"