आठ टनांची पाटी

पलटणीत माझं काम पूल बांधायचं, आणि गरज पडली तर तोच उडवायचं. तिथं पूल जेवढं वजन पेलेल तेवढंच पाटीवर लिहायचं; वरून आपलेच जवान जायचे. पुढे सैन्य सोडून बांधकाम खात्यात आलो आणि सातारा-सांगलीच्या हद्दीवर एका ओढ्यावर पूल बांधला. वीस टन त्यानं हसत पेलले असते. पण सरकारी खात्यात माणूस फार लवकर शहाणा होतो. उद्या काही झालं तर चौकशी मागे लागायला नको, म्हणून मी पाटी लावली, ‘आठ टनांहून जड वाहनास मनाई’. फाइलीत कडक शेरा मारला आणि निर्धास्त झालो.

तीन वर्षांनी सांगलीकडच्या एका खाजगी कारखान्यात लागलो. पगार दुप्पट, मालक चौपट. कारखान्यासाठी पत्रा दाबायची एक अवजड प्रेस येत होती, ट्रेलरसकट वीस टनांची, आणि वाटेत माझाच पूल! मालक म्हणाले, “आठवड्यात प्रेस बसली नाही, तर तुम्ही घरी बसा.”

परवानगीसाठी जुन्या ऑफिसात गेलो. माझ्या खुर्चीतल्या तरुण इंजिनिअरनं फाइल उघडून वाचलं, “कोणत्याही सबबीवर, कोणाच्याही विनंतीवरून परवानगी देऊ नये.”

“कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?”

त्यानं अदबीनं फाइल फिरवून सही दाखवली. मग म्हणाला, “जबाबदारी घ्या आणि ट्रेलर जाताना स्वतः पुलाखाली उभे राहा.”

ट्रेलर यायच्या दिवशी तरुण इंजिनिअरही आला आणि सगळं गाव ओढ्यावर लोटलं. घरटी एक फौजी असलेलं गाव. एक म्हातारा हवालदार, आता ऊस पिकवणारा, पूल बांधताना माझ्या पलटणीच्या गोष्टी ऐकलेला, न विचारता माझ्याशेजारी पुलाखाली येऊन उभा राहिला. “तुमी खाली, आन् आमी वर ऱ्हाऊन काय करायचं?”

ट्रेलर आला. माझा हिशेबावर भरवसा होता, तरी टोपी घट्ट बसवली. चिमूटभर धूळ टोपीवर पडली, बस्स. वर टाळ्या वाजल्या. हवालदारानं मात्र टाळी वाजवली नाही.

“सायब, किती टन गेलं?”

“वीस.”

“मग तीन वर्सं आमी ऊस का उतरवत हुतो?”

दुसऱ्या गावानं त्या पाटीला म्हैस बांधली असती. या फौजींना ती हुकूम वाटली. प्रत्येक ट्रकचा निम्मा ऊस अलीकडे उतरवायचा, ट्रक पलीकडे न्यायचा, आणि उतरवलेल्या मोळ्या डोक्यावरून नेऊन पुन्हा भरायच्या. तीन हंगाम!

“सायबानं लिवलंय म्हंजी खरंच आसंल, आसं वाटलं आमाला,” तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मी चौकशीला घाबरलो होतो,” मी म्हणालो.

“आवं, सुरुंगाला न्हाई भ्यालात, आन् कागदाला भ्यालात व्हय?”

वर येऊन तो पहार घेऊन पाटीपाशी उभा राहिला, पण हात लावेना. हुकूम हवा होता. माझ्याकडे आता कसलाच हुकूम नव्हता. तरुण इंजिनिअरकडून कागद मागून घेतला आणि त्या पुलाबद्दलचा माझा पहिला खरा शेरा लिहिला, ‘वीस टन पेलतो. पाटी काढावी.’ त्यानंही खाली सही केली.

हवालदारानं कागद दोनदा वाचला. मग पाटीला पहार लावली.