अंगणातली शाळा
नातीची पाटी ओल्या फडक्यानं पुसताना येणाऱ्या वासानं मला सत्तरच्या दशकातलं कराडचं आमचं अंगण आठवतं. धाकटी बहीण तेव्हा पहिलीत होती आणि शाळेत चकार शब्द बोलत नसे. तिला दुसरीत घालता येणार नाही, हे सांगायला बाई घरी आल्या, तेव्हा ती उसाचं कांडकं आपटत, हुबेहूब बाईंच्या आवाजात, आम्हा पोरींकडून बाराखडी म्हणवून घेत होती. बाई दारातच थबकल्या, मग हळूच येऊन आमच्या रांगेत मांडी घालून बसल्या. बहिणीनं कांडकं खाली केलं. बाई म्हणाल्या, “उशीर झाला, बाई. बसू का?” ती जरा विचार करून म्हणाली, “बस. पण उद्या येळंवर यायचं.” दुसऱ्या दिवशी हजेरीला तिनं पहिल्यांदा “हजर” म्हटलं. आता तिचा फोन आला की मला बोलायला जागाच मिळत नाही, आणि मी सुखानं ऐकत राहते.